यकृतातील पित्तनलिकांमधले खडे : शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी

यकृतात तयार होणारे पित्त झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक नळ्यांतून वाहत येते. या नळ्या एकमेकींना मिळत डावी आणि उजवी अशा दोन मोठ्या नळ्या होतात. त्यांचा संगम यकृताच्या दाराशी होतो आणि तिथून पुढे एकच सामाईक पित्तनलिका लहान आतड्यात जाऊन उघडते. पित्ताशय ही या वाटेला बाजूने जोडलेली पिशवी. खडा पिशवीत आहे, सामाईक नलिकेत आहे की संगमाच्या वर यकृताच्या आत आहे, यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. बोलताना मात्र तिन्हींना ‘पित्ताचे खडे’ असेच म्हटले जाते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पित्ताशयातल्या खड्यांवर दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकले की प्रश्न सहसा मिटतो. सामाईक नलिकेतले बहुतेक खडे तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून काढता येतात. यकृताच्या आतल्या नळ्यांमधले खडे यांपैकी कोणत्याच रीतीने सहजासहजी निकालात निघत नाहीत. हे खडे बहुधा त्या नळ्यांमध्येच तयार होतात. पित्त साचते, त्यात आतड्यातले जंतू शिरतात, ते पित्तातल्या रंगद्रव्याचे विघटन करतात आणि मातकट तपकिरी, ढिसूळ खडे जमू लागतात. खड्यांमुळे नळीला सूज येते, सुजेमुळे ती जागोजागी आकसते, आकसलेल्या जागेमागे आणखी पित्त साचते आणि आणखी खडे होतात. वर्षानुवर्षे हे चक्र चालले की यकृताचा तेवढा भाग सुकतो. ‘पित्ताशय तर दहा वर्षांपूर्वीच काढले, मग खडे आले कुठून?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

हा आजार चीन, तैवान, कोरिया, जपान या पूर्व आशियाई भागात पूर्वापार जास्त आढळतो. हाँगकाँगमध्ये तो इतका दिसे की वैद्यकीय लिखाणात त्याला त्या शहराचेच नाव मिळाले होते. भारतात काश्मीरमध्ये पोटातले जंत पित्तनलिकेत शिरल्यामुळे होणाऱ्या त्रासाचा बराच अभ्यास झाला आहे. इतरत्र या खड्यांमागे पुष्कळदा वेगळे काही कारण सापडते. पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनमध्ये नलिकेला झालेली इजा, नलिका आतड्याला जोडलेली असल्यास त्या जोडाचे अरुंद होणे, किंवा नळ्यांचा जन्मजात फुगीरपणा ही त्यांतली मुख्य कारणे. म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद, ते वीस वर्षांपूर्वीचे असले तरी, शोधून काढावेत.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधले शब्द

यकृतात पांढरा ठिपका दिसला म्हणजे तो खडाच, असे नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ असे लिहिले असेल तर तो बहुधा जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाचा चुना धरलेला व्रण असतो आणि त्यावर काहीच करावे लागत नाही. ‘न्यूमोबिलिया’ म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा. आधी ईआरसीपी झाली असेल, स्टेंट (नलिका मोकळी ठेवण्यासाठी आत घातलेली नळी) असेल किंवा नलिका आतड्याला जोडलेली असेल तर अशी हवा दिसणारच, आणि सोनोग्राफीत ती खड्यासारखी भासू शकते. ‘आयएचबीआर डायलेटेड’ म्हणजे यकृताच्या आतल्या नळ्या फुगलेल्या आहेत. हा शब्द मात्र गांभीर्याने घ्यावा. पुढे कुठेतरी वाट अडली असावी, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. कावीळ नाही, म्हणजे नळी मोकळी आहे, असे लोक धरून चालतात. यकृताच्या एकाच भागातली नळी अडली असेल तर बाकीचे यकृत ते काम भागवते आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) अगदी नॉर्मल येऊ शकते. अशा वेळी रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे दोन आकडे वाढलेले दिसतात. रिपोर्टच्या त्या ओळी वाचायच्या राहून जातात, कारण सगळ्यांची नजर काविळीच्या आकड्यावर असते.

थंडी वाजून ताप आला तर

उजव्या बरगडीखाली दुखणे, हुडहुडी भरून ताप आणि डोळे पिवळे होणे ही तीन लक्षणे एकत्र आली तर नळ्यांमध्ये जंतुसंसर्ग झाला आहे असे समजावे. तिन्ही लक्षणे असलीच पाहिजेत असेही नाही. ज्याला नळीत खडे असल्याचे ठाऊक आहे त्याला नुसती हुडहुडी भरली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यासोबत रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर जीव धोक्यात आहे. तेव्हा जवळच्या, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. नामांकित सर्जनची वेळ मिळण्याची वाट पाहू नये.

या अवस्थेत मोठे ऑपरेशन सहसा करत नाहीत. शिरेतून प्रतिजैविके आणि सलाइन सुरू करून अडकलेल्या पित्ताला वाट करून देतात. ती वाट दोन तऱ्हांची : ईआरसीपी करून आतून स्टेंट घालायचा, किंवा सोनोग्राफीच्या मदतीने त्वचेतून यकृतात सुई घालून बारीक नळी बसवायची आणि पित्त बाहेरच्या पिशवीत काढायचे. दुसऱ्या तऱ्हेला डॉक्टर पीटीबीडी म्हणतात. खडे यकृतात खोलवर असतील तर ती अधिक उपयोगी पडते, कारण आतून घातलेला स्टेंट नेमक्या अडलेल्या फांदीपर्यंत पोचेलच असे नाही. निघालेल्या पित्ताचा नमुना कल्चरला पाठवला आहे ना, हे विचारून घ्यावे. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी कोणते प्रतिजैविक द्यायचे, हे त्या रिपोर्टवरून ठरते.

ताप उतरतो, भूक लागते आणि रुग्ण घरी येतो. नेमका याच टप्प्यावर अनेकांचा उपचार थांबतो. बरे वाटले म्हणून पुढची तारीख टळते आणि सहा महिन्यांनी तोच ताप परत येतो. वाट करून देणे हा मधला मुक्काम आहे. खडे आणि आकसलेली नळी जागच्या जागीच असतात.

ऑपरेशन ठरवण्याआधीच्या तपासण्या

यकृताच्या कोणत्या भागात खडे आहेत, नळी कुठे आकसली आहे, तो भाग किती सुकला आहे, उरलेले यकृत किती चांगले आहे आणि कुठे गाठीची शंका आहे का, या पाच गोष्टी कळल्याशिवाय योजना आखता येत नाही.

एमआरसीपी हा एमआरआय यंत्रावर काढलेला नळ्यांचा नकाशा. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि नळ्यांच्या चित्रासाठी इंजेक्शनही लागत नाही. शक्यतो स्टेंट घालण्याआधीच ती करून घ्यावी, कारण स्टेंटनंतर नळ्या मिटतात आणि नळीत हवा शिरते, त्यामुळे चित्र तितके स्वच्छ येत नाही. रुग्ण फार आजारी असेल तर अर्थातच एमआरसीपीसाठी थांबत नाहीत. औषध टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या, सुकलेला भाग, गळू आणि संशयास्पद गाठ दिसते. सीटीवरूनच उरणाऱ्या यकृताचे आकारमान मोजतात. निरोगी यकृताचा साधारण २५ ते ३० टक्के भाग उरला तरी शरीर निभावते. यकृत आधीच कडक झालेले असेल तर सुमारे ४० टक्के भाग तरी राखावा लागतो.

रक्ततपासण्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, महत्त्वाचा. पित्त आतड्यात पोचले नाही की ‘के’ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्याची इंजेक्शने देऊन तो आकडा सुधारून घेतात. सीए १९-९ ही कर्करोगाच्या शंकेसाठी केली जाणारी तपासणी आहे, पण नुसत्या संसर्गानेही ती बरीच वाढते. तो आकडा पाहून घरात रडारड सुरू होण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की संसर्ग ओसरल्यावर ती पुन्हा करायची असते.

शस्त्रक्रियेचे आणि इतर पर्याय

या सगळ्या पर्यायांकडे पाहताना एक कसोटी हाताशी ठेवावी : त्या उपचाराने खडे तर निघतीलच, पण खडे जिथे तयार होत होते त्या जागेचे काय होणार? नळी आकसलेलीच राहणार असेल तर काढलेल्या खड्यांच्या जागी नवे येतात.

ईआरसीपी. सामाईक नलिकेसाठी उत्तम. यकृताच्या आत मात्र नळ्या काटकोनात वळतात, त्यात त्या आकसलेल्या, त्यामुळे उपकरण पोचत नाही. हल्ली याच वाटेने अतिशय बारीक दुर्बीण आत नेऊन लेसरने खडे फोडता येतात, पण ते मोजक्या खड्यांपुरते.

त्वचेतून यकृतात वाट करून खडे काढणे. पीटीबीडीची बारीक नळी टप्प्याटप्प्याने मोठी करत पाच-सहा मिलिमीटरची वाट तयार करतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. मग त्या वाटेने दुर्बीण घालून खडे लेसरने किंवा विद्युत्लहरीने फोडून काढतात, आकसलेली जागा फुग्याने रुंद करतात. एका बैठकीत काम होत नाही, पुन्हा पुन्हा यावे लागते. वयोवृद्ध, हृदयविकार असलेले, आधी अनेक ऑपरेशने झालेले किंवा यकृताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले खडे असलेले रुग्ण यांना ही पद्धत सोयीची. आजारी भाग शरीरातच राहत असल्याने खडे पुन्हा होण्याचे प्रमाण यात जास्त असते, हे आधीच सांगितले गेले पाहिजे.

नलिका उघडून खडे काढणे. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून सामाईक नलिकेला छेद देतात, त्यातून पित्तनलिकेची दुर्बीण वर यकृतात नेतात आणि दिसतील तेवढे खडे काढतात. शेवटी त्या छेदात ‘टी’ आकाराची रबरी नळी ठेवतात. खडे थोडे, नळ्या फारशा न आकसलेल्या आणि यकृत सुकलेले नसेल तर हा पर्याय पुरतो. अनेकदा तो यकृताचा भाग काढण्याच्या जोडीनेच करतात.

यकृताचा आजारी भाग काढणे. आजार एका बाजूपुरता असेल तर आज हाच सर्वांत खात्रीचा इलाज मानला जातो. नावाने घाबरायला होते, म्हणून थोडे सविस्तर.

यकृताचे आठ खंड मानतात आणि प्रत्येकाची रक्तवाहिनी व पित्तनळी स्वतंत्र असते. त्यामुळे एक-दोन खंड किंवा अख्खी एक बाजू वेगळी काढता येते. खडे डाव्या बाजूला जास्त आढळतात, कारण डावी नळी लांब असते आणि वळण घेऊन येते, तिथे पित्त रेंगाळते. खंड २ आणि ३ एवढाच डावीकडचा कडेचा भाग काढावा लागणे हे तुलनेने सोपे ऑपरेशन, आणि अनुभवी ठिकाणी ते दुर्बिणीतूनही होते. खंड ४ सह सगळी डावी बाजू काढणे त्याहून मोठे, आणि उजवी बाजू काढणे सर्वांत मोठे, कारण उजवीकडे यकृताचा निम्म्याहून बराच जास्त भाग असतो.

इथे एक दिलासा आहे. खड्यांनी भरलेला भाग बहुधा आधीच सुकलेला असतो आणि त्याचे काम दुसऱ्या बाजूने उचललेले असते. म्हणजे कापून टाकला जाणारा भाग कागदावर मोठा दिसला तरी शरीराच्या हिशेबात तो लहान असतो. उरलेले यकृत पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून भरही काढते. उरणारा भाग अपुरा पडेल अशी शंका असेल तर काढायच्या बाजूची यकृताकडे जाणारी शीर आधी बंद करून, दुसरी बाजू वाढायला तीन ते सहा आठवडे देतात आणि मग ऑपरेशन करतात.

या ऑपरेशनचा दुसरा फायदा कर्करोगाशी निगडित आहे. वर्षानुवर्षे खडे आणि सूज असलेल्या नळीत कर्करोग होऊ शकतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण २ ते १० टक्के नोंदले गेले आहे. कधी कधी स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतच तो सापडतो. म्हणून हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवसांनी आला तरी आठवणीने घ्यावा आणि सर्जनला दाखवावा. हा कागद रुग्णालयातच पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नलिका आतड्याला जोडणे. संगमाजवळची किंवा सामाईक नलिका आकसली असेल, जुनी इजा असेल, तर लहान आतड्याचा एक भाग वर आणून नलिकेला जोडतात. मात्र अडथळा यकृताच्या आतच असेल तर खाली जोड देऊन उपयोग नाही. उलट आतड्यातले जंतू वर चढायला मोकळी वाट मिळते. म्हणून हा जोड ‘सोबत करून टाकू’ म्हणून करायचा नसतो, त्याचे कारण सर्जनला सांगता आले पाहिजे. खडे परत होण्याची शक्यता मोठी असेल तर काही सर्जन त्या आतड्याचे एक टोक पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. पुढे गरज पडली तर तिथून लहानसा छेद देऊन दुर्बीण घालता येते.

यकृत प्रत्यारोपण. दोन्ही बाजू खराब होऊन सिरोसिस झाला असेल तरच. खड्यांच्या फार थोड्या रुग्णांना ते लागते.

औषधांनी खडे विरघळतील का?

पित्ताम्लाच्या गोळ्या पित्ताशयातल्या काही कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात. यकृतातल्या तपकिरी खड्यांची घडण वेगळी, ते या गोळ्यांनी विरघळत नाहीत. कुळथाचे कढण मुतखड्यासाठी घेतात. मूत्रमार्गाचा आणि पित्ताच्या नळ्यांचा काही संबंध नाही. मुतखडा फोडण्याच्या यंत्राचीही चौकशी होते, पण नळी आकसलेली असताना खड्याचा चुरा केला तरी तो बाहेर पडणार कुठून? लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन शौचावाटे ‘खडे’ पाडण्याचे प्रयोग मोबाइलवर फिरतात. पडणारे हिरवट गोळे तपासले गेले आहेत, ते तेलापासून पोटात तयार झालेल्या साबणाचे असतात. आणि डोळे पिवळे दिसताच काविळीची माळ घालायची किंवा हात धुऊन कावीळ उतरवून घ्यायची, यात जाणारे दोन-तीन दिवस संसर्ग झालेल्या रुग्णाला परवडत नाहीत.

सर्जनला विचारायचे प्रश्न

यकृतातल्या खड्यांचे ऑपरेशन पोटाच्या, म्हणजे गॅस्ट्रो सर्जनचे, त्यातही यकृत-पित्तनलिकांचे काम नियमित करणाऱ्याचे आहे. एकट्या सर्जनच्या हुशारीवर ते भागत नाही. ईआरसीपी करणारे, पीटीबीडी करणारे रेडिओलॉजिस्ट, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी त्याच ठिकाणी किंवा हाकेच्या अंतरावर हवी. भेटीला जाताना स्कॅनची सीडी न्यावी. छापील रिपोर्टवरून ऑपरेशन आखता येत नाही.

- खडे एका बाजूला आहेत की दोन्ही? आकसलेली जागा नेमकी कुठे?
- यकृताचा भाग काढणार असाल तर कोणता, आणि किती टक्के यकृत उरेल?
- भाग न काढता खडे काढले तर पुन्हा होण्याची शक्यता किती वाटते?
- ऑपरेशनमध्ये सगळे खडे निघाले नाहीत तर पुढे काय करणार?
- कर्करोगाची शंका आहे का? तसे निघाले तर ऑपरेशनची योजना बदलेल का?
- दुर्बिणीतून सुरू केले आणि पोट उघडावे लागले, तर ते कोणत्या परिस्थितीत?
- अशी किती ऑपरेशने तुम्ही किंवा तुमच्या विभागाने गेल्या वर्षी केली?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो उद्धटपणाचा नाही. नियमित काम करणारे सर्जन त्याचे उत्तर सहज देतात.

रुग्णानेही काही सांगायचे असते : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध, मधुमेहाच्या गोळ्या, दारूचे प्रमाण, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधीच्या भुलीत झालेला त्रास. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची काही औषधे ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवावी लागतात. ती कधी, हे सर्जन आणि ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, मनाने बंद करू नयेत.

ऑपरेशननंतरचे दिवस

यकृताचा भाग काढल्यावर रुग्णालयात साधारण आठवडा ते दहा दिवस जातात, दुर्बिणीतून लहान भाग काढला तर कमी. रक्तस्राव, कापलेल्या पृष्ठभागातून पित्त झिरपणे, पोटात पाणी किंवा पू साचणे, छातीत पाणी होणे आणि उरलेले यकृत कमी पडणे हे मुख्य धोके. या आजारात पित्त आधीच जंतूंनी भरलेले असल्यामुळे टाके पिकण्याचे प्रमाण इतर यकृत-ऑपरेशनांपेक्षा जास्त असते. पोटातल्या ड्रेनच्या नळीतून हिरवट-पिवळे पाणी येत राहिले तर पित्त झिरपत आहे. बहुतेक वेळा ते काही दिवसांत आपोआप थांबते, काहींना स्टेंट घालावा लागतो.

टी-ट्यूब बऱ्याच रुग्णांच्या सोबत घरी येते. आठवडाभरानंतर तिच्यातून औषध सोडून एक्स-रे काढतात आणि खडे राहिले आहेत का ते पाहतात. राहिले असतील तर ट्यूब काढायची घाई करत नाहीत. चार ते सहा आठवड्यांत तिच्याभोवती पक्की वाट तयार होते आणि त्याच वाटेने दुर्बीण घालून उरलेले खडे भूल न देता किंवा थोडक्या भुलीत काढता येतात. अशा वेळी ट्यूब घेऊन फिरावे लागते म्हणून वैतागून ती लवकर काढून मागणे म्हणजे हातची सोय घालवणे आहे.

घरी ट्यूबची काळजी घेताना :

- पिशवी नेहमी कमरेखाली ठेवावी. वर गेली तर पित्त उलट वाहते.
- ट्यूब पोटावर दोन ठिकाणी चिकटपट्टीने पक्की करावी, झोपेत कूस बदलताना ती ओढली जाते.
- रोज किती पित्त आले ते मिलिलिटरमध्ये आणि कोणत्या रंगाचे ते वहीत लिहावे.
- पित्त अचानक थांबले, पोट दुखू लागले, थंडी वाजली, रक्त दिसले किंवा ट्यूब बाहेर सरकली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकलेली ट्यूब घरी आत ढकलू नये.
- पिशवीतून फार पित्त जात असेल तर अशक्तपणा येतो. पाणी आणि मीठ किती घ्यायचे ते विचारून घ्यावे.

खाण्यापिण्यावर कडक बंधने घालण्याची घरच्यांना हौस असते. तेल, तूप, हळद सगळे बंद करून उकडलेल्या भाज्यांवर ठेवलेला रुग्ण लवकर भरून येत नाही. जखम भरायला प्रथिने लागतात : डाळ, अंडी, दूध, मासे, जे घरात चालते ते. तळलेले सुरुवातीला सोसत नाही, एवढेच. दारू मात्र पूर्ण बंद.

विसरलेला स्टेंट

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. तो आत राहिला तर गाळाने भरतो, बंद पडतो आणि त्याच्याभोवतीच नवा खडा धरतो. स्टेंट घातल्याचे रुग्णाला माहीत नसणे ही या आजारातली सर्वांत टाळता येण्यासारखी चूक. डिस्चार्ज कार्डावर ‘ईआरसीपी व स्टेंटिंग’ अशी एक ओळ असते, रुग्ण ‘दुर्बिणीतून खडे काढले’ एवढेच समजून गावी जातो, आणि दोन वर्षांनी हुडहुडी भरून परत येतो. कार्ड हातात पडताच तुम्ही विचारावे : आत काही ठेवले आहे का, ते कोणत्या तारखेला काढायचे, आणि त्यासाठी कुणाला भेटायचे? ती तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावी.

ऑपरेशन उत्तम झाले तरी तपासण्या संपत नाहीत. पहिले वर्षभर तीन ते सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्ततपासण्या, त्यानंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. आकडे वाढले, ताप आला किंवा कारणाशिवाय वजन उतरले तर एमआरसीपी किंवा सीटी. दोन्ही बाजूंना आजार होता आणि एकच बाजू काढली, अशांनी तर हे वेळापत्रक चुकवूच नये.

संमती, कागद आणि पैसा

संमतीपत्र सहीसाठी येते तेव्हा त्यावर नेमकी कोणती प्रक्रिया लिहिली आहे ते वाचावे, मराठीत समजावून मागावे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की निदानासाठी दिलेली संमती उपचाराच्या ऑपरेशनला लागू होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर तो अपवाद. यकृताच्या ऑपरेशनमध्ये आत गेल्यावर योजना बदलू शकते. म्हणून ‘काय काय करावे लागू शकते’ हे सगळे संमतीपत्रावर आधीच लिहिलेले असणे रुग्णाच्या आणि सर्जनच्याही हिताचे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात आजाराची माहिती, दुसऱ्या डॉक्टरांचे मत, उपचारांचे दर आणि बिलाचा तपशील मिळण्याचा हक्क आहे. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवणे तिला मान्य नाही. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. या आजारात ऑपरेशनच्या नोंदी, पित्ताचे कल्चर, हिस्टोपॅथॉलॉजी आणि स्कॅनची सीडी या चार गोष्टी आयुष्यभर लागतात.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालय ठरवण्याआधी करावी. नोंदणीकृत रुग्णालयात बसणारे ‘आरोग्यमित्र’ शिधापत्रिका आणि आधार पाहून ठरलेली प्रक्रिया योजनेत बसते का ते सांगतात. मंजुरी आधी घ्यायची असते, पैसे भरल्यावर नंतर परतावा मिळेल असे गृहीत धरू नये. याशिवाय राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, त्यामुळे तहसीलदाराचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. रुग्णालय दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो.

खासगी मेडिक्लेम असेल तर एक अट तपासावी. पित्ताचे खडे हा आजार बऱ्याच पॉलिसींत पहिल्या दोन वर्षांसाठी वगळलेला असतो, आणि पॉलिसी घेण्याआधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पित्ताशयाचे जुने ऑपरेशन पॉलिसीच्या अर्जात लिहिलेले नसेल तर दावा तिथेच अडू शकतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत आणि तिथे वकील लागत नाही.